काळी बुरशी बातम्यांतून गेली, साखर घरातच राहिली

२०२१ चा मे महिना आठवून पाहा. रमजानचे शेवटचे रोजे चालू होते आणि ईदची नमाज घरातच पढायची हे सगळ्यांनी मनाशी पक्के केले होते. त्याआधी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण दगावले होते. घोटीपासून नाशिकपर्यंत ज्याच्या घरी पेशंट होता त्याची झोप उडाली होती. अशा वेळी मोबाईलवर नवा शब्द आला, ‘ब्लॅक फंगस’. डोळा काढलेल्या, जबडा कापलेल्या माणसांचे फोटो फिरू लागले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात असे दोन हजारांहून जास्त रुग्ण असू शकतात असे सांगितले. २० मे रोजी केंद्राने सर्व राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली ‘नोंद करणे बंधनकारक’ ठरवायला सांगितले. जुलैपर्यंत देशात पंचेचाळीस हजारांवर रुग्ण आणि चार हजारांवर मृत्यू अशी सरकारी आकडेवारी संसदेत आली. त्यात महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात पुढे होते.

मग लाट ओसरली, बातम्याही थांबल्या. लोकांनी समजूत करून घेतली की ही बुरशी कोरोनाबरोबर आली आणि कोरोनाबरोबर गेली. आमचे म्हणणे असे की ही समजूत चुकीची आहे आणि आपल्या घरांसाठी धोक्याची आहे. ज्या दारातून ही बुरशी आत आली ते दार आजही उघडेच आहे.

या आजाराचे खरे नाव म्युकरमायकोसिस. ही बुरशी स्वतः काळी नसतेच. ती ज्या भागात शिरते तिथल्या रक्तवाहिन्या बंद पाडते, तिथले मांस मरते आणि मेलेले मांस काळे पडते, म्हणून लोक काळी बुरशी म्हणू लागले. पुढे पांढरी, पिवळी असेही रंग टीव्हीवर आले आणि गोंधळ आणखी वाढला. रंगांचा हा खेळ सोडून द्यावा. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. त्या दिवसांत काही घरांत पेशंटचे ताट-वाटी वेगळी केली गेली, त्याच्याजवळ बसायलाही लोक घाबरले. त्याची काहीच गरज नव्हती.

कोरोनाच्या आधीही हा आजार आपल्याकडे होताच. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे यावर काम केले. त्यांचा अंदाज असा की भारतात दहा लाख लोकांमागे सुमारे १४० जणांना हा आजार होतो, आणि हे प्रमाण जगाच्या प्रमाणापेक्षा जवळजवळ ७० पट आहे. हा अंदाज आहे, मोजणी नाही. तरी तो निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच, आपल्याकडेच इतके का?

बुरशी म्हणाल तर ती सगळीकडे आहे. आमच्या घोटीत तर विचारूच नका. इगतपुरी तालुक्याचा पाऊस, भाताची खाचरे, गिरण्यांमागे पडलेला ओला कोंडा, कुजलेला पेंढा, शेणखत, चार महिने न वाळणाऱ्या भिंती. भाकरीवर किंवा पावावर जो केसाळ थर येतो त्यात याच बुरशीचे भाऊबंद असतात. तिचे बीजकण आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो, लहान मुलेही घेतात, आणि बहुतेकांना काहीही होत नाही. नाकातच शरीराचे पहारेकरी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांचा निकाल लावतात.

साखर वाढलेल्या माणसात हा पहारा ढिला पडतो. पांढऱ्या पेशी जागेवर उशिरा पोचतात, आणि पोचल्या तरी त्यांच्यात मारायची ताकद कमी असते. साखर फारच वाढून रक्त आंबट व्हायला लागले, ज्याला डॉक्टर कीटोअॅसिडोसिस म्हणतात, की आणखी एक गोष्ट घडते. रक्तातले लोह एरवी एका प्रथिनाला बांधलेले असते, ते सुटे होऊ लागते. या बुरशीला वाढायला लोह लागते. म्हणजे खायला साखर, वर लोहाची मेजवानी आणि पहारेकरी झोपलेले. नववीच्या वर्गात बुरशीचा धडा शिकवताना आम्ही हे सांगतो तेव्हा मुले हसतात. मग एखादा विचारतो, “सर, आमच्या दादीला शुगर आहे, तिला होईल का?” त्याला आम्ही सांगतो की शुगर आहे एवढ्याने होत नाही, शुगर मोकाट सुटली तर भीती आहे.

कोरोनात याच्या जोडीला दुसरी गोष्ट आली, स्टिरॉइड. २०२१ मध्ये जगभरातल्या १०१ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ८२ रुग्ण एकट्या भारतातले होते. १०१ पैकी सुमारे ८० टक्के लोकांना मधुमेह होता आणि सुमारे ७६ टक्के लोकांना स्टिरॉइड दिलेले होते. त्या काळात कुणी ऑक्सिजनच्या नळीतल्या पाण्याला दोष दिला, कुणी मास्कला, कुणी वाफ घेण्याला. त्यातले काही ठामपणे सिद्ध झाले नाही. साखर आणि स्टिरॉइड ही जोडी मात्र एकामागून एक अभ्यासात दिसत राहिली.

स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असे कुणी समजू नये. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते की डेक्सामेथासोन, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, हे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाचा जीव वाचवू शकते. त्याच चाचणीत हेही दिसले होते की ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला याचा फायदा नाही. आपल्याकडे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. व्हॉट्सअॅपवर कुणाची तरी चिठ्ठी आली, मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पाचही जणांनी सुरू केल्या. डोस जास्त, दिवस जास्त, आणि साखर मोजायची गोष्ट तर कुणाच्या डोक्यातच नाही. स्टिरॉइडने साखर चढते. ज्याला मधुमेह आहे त्याची आणखी चढते, ज्याला नव्हता त्याचीही चढू शकते.

आता कोरोना नाही म्हणून स्टिरॉइड गेले का? गुडघेदुखीवर, दम्यावर, खाजेवर, अंगदुखीवर कागदाच्या पुडीतून मिळणारी पावडर आजही आपल्या मोहल्ल्यांत येते. बाजारच्या दिवशी मिळते, कुणी पाहुणा दुसऱ्या गावाहून घेऊन येतो. दोन पुड्यांत म्हातारी माणसे उठून चालू लागतात आणि सगळे म्हणतात, काय शिफा आहे त्या हाताला! पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघड झाली आहेत. जी पुडी इतक्या झटपट गुण देते तिच्याकडे संशयाने पाहिलेच पाहिजे. देशी औषधांना किंवा हकिमी इलाजाला नावे ठेवायचा आमचा हेतू नाही. शिकलेला हकीम पुडीत काय आहे ते सांगतो. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नये एवढेच. एक गोष्ट इथे जोडून सांगायला हवी. कुणी महिनोन्‌महिने स्टिरॉइड किंवा अशी पुडी घेत असेल तर हे वाचून ती एकदम बंद करू नये. एकदम बंद करण्यातही धोका असतो. पुडी खिशात घालून डॉक्टरकडे जावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे कमी करावी. दम्याचा पंप किंवा एखाद्या आजारासाठी डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या हा वेगळा विषय आहे, त्या घेतच राहाव्यात.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही. भाताच्या गिरणीत हमाली केलेला धडधाकट माणूस, वय पन्नाशीच्या आत. कोरोना होऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते. वरची दाढ दुखू लागली, एका बाजूचा गाल जड झाला. दाताच्या दवाखान्यात दाढ काढली. दुखणे थांबले नाही, शेजारचे दातही हलू लागले, मग त्याच बाजूचे नाक बंद झाले. सर्दी समजून वाफ, सायनस समजून गोळ्या, असे तीन आठवडे गेले. डोळ्याची पापणी खाली आली तेव्हा घरच्यांनी नाशिकला नेले. तिथे पहिल्याच तासात कळले की साखर चारशेच्या वर आहे. या माणसाने आयुष्यात कधी साखर तपासली नव्हती. जीव वाचला. टाळूचा आणि जबड्याचा अर्धा भाग गेला. आज ते बोलतात तेव्हा टाळूला लावलेली प्लेट नीट बसली नसेल तर शब्द कळत नाहीत, पाणी नाकातून येते. लग्नाच्या दावतीला ते येत नाहीत, सगळ्यांसमोर खाणे त्यांना नको वाटते.

या हकीकतीत वाईट माणूस कुणी नाही. दातदुखीला दाताच्या डॉक्टरकडेच जातात. पण तीन आठवड्यांत चार वेळा दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाच्या बोटाला एकदाही सुई टोचली गेली नाही. मधुमेह आहे हे या आजारामुळेच पहिल्यांदा कळले, असे रुग्ण भारतातल्या अभ्यासांत वारंवार सापडतात.

आता पैशांचा हिशेब मांडू, शिक्षकाला ती सवयच असते. या आजाराचे मुख्य औषध लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी. एका बाटलीत ५० मिलिग्रॅम असते. किलोला ५ मिलिग्रॅम धरले तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा बाटल्या. मे २०२१ मध्ये एका बाटलीचा भाव सुमारे ७ हजार सांगितला जात होता. दिवसाचे ४२ हजार, तीन आठवड्यांचे ८ लाख ८२ हजार. त्यात ऑपरेशन नाही, एमआरआय नाही, पलंगाचे भाडे नाही. मे महिन्याच्या शेवटी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस कंपनीने अॅम्फोटेरिसिन बी इंजेक्शन बनवायला सुरुवात केली आणि भाव १२०० रुपये जाहीर केला. नितीन गडकरींनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्या भावाने तीन आठवड्यांचे होतात १ लाख ५१ हजार. १२ जूनला जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला. राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचे उपचार मोफत केले. यातल्या एकाही गोष्टीला आम्ही कमी लेखत नाही. गरिबाचे घर विकायचे यामुळे वाचले.

तरी या सगळ्या हिशेबात एक गोष्ट खटकते. सरकारचा पैसा आजाराच्या शेवटच्या टोकाला आला. फुले योजनेची मर्यादा पुढे ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सगळ्या नागरिकांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. चांगलेच झाले. पण ही योजना भरती झालेल्या माणसासाठी आहे. ऑपरेशनला कार्ड चालते, रोजच्या मधुमेहाच्या गोळीला चालत नाही. जबडा कापायचे पैसे सरकार देते, आणि जबडा वाचवणारी गोळी मात्र माणूस महिन्याच्या शेवटी परवडत नाही म्हणून चार दिवस बंद ठेवतो. हे चार दिवस फार महाग पडतात.

गोळी मिळण्याचा मार्ग दुसरा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळे मोफत आहे. मेटफॉर्मिनसारखी गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासायचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरतात. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केंद्राने यासाठी खास मोहीमही घेतली. आमच्या वस्तीतला अनुभव मात्र असा की आशाताई आल्या की घरातून आवाज येतो, “सगळे ठीक आहेत.” कागदाचा प्रकार म्हटले की आपल्या लोकांच्या मनात भीती असते, कुठली यादी, कुठला सर्व्हे. ती भीती कुठून आली हे आम्हाला माहीत आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण या फॉर्मवर कमरेचा घेर आणि तंबाखूची सवय विचारतात. तो भरून द्यावा. आणि गोळी संपली आहे, पुढच्या आठवड्यात या, असे दवाखान्यात ऐकू आले तर गप्प परत येऊ नये. ग्रामसभेत विचारावे, वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्यावे. मशिदीच्या कमिटीने हे काम अंगावर घेतले तर कुणाला एकट्याने भांडावे लागणार नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर उभे आहेत. त्यात आपली घरे वेगळी नाहीत. उलट आपल्याकडे घरात एकाची तपासणी होते, तीही अब्बांची. अम्मीची तपासणी बाळंतपणानंतर थेट मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी. तिचे पाय जळजळतात, रात्री चार वेळा उठावे लागते, जखम लवकर भरत नाही, आणि ती म्हणते वय झाले. बाळंतपणात जिची साखर वाढली होती तिला पुढे मधुमेह व्हायची शक्यता जास्त असते, हे तर कितीतरी सुशिक्षित घरांतही माहीत नसते.

ओळखायचे कसे? इथे आपल्या दीनने एक सवय दिली आहे, तिचा उपयोग करून घेता येईल. वुजू करताना आपण दिवसातून पाच वेळा तोंडात पाणी घेतो, नाकात घेतो, सगळ्या चेहऱ्यावरून हात फिरवतो. मधुमेह असलेल्या माणसाने त्या वेळी लक्ष द्यावे. एका बाजूचा गाल बधिर लागतो का, दुखतो का. एकाच नाकपुडीतून काळपट किंवा रक्त मिसळलेले पाणी येते का. वरचे दात हलतात का, टाळूवर जिभेला खरखरीत, काळा डाग लागतो का. डोळा सुजला, पापणी खाली आली, एकाचे दोन दिसू लागले, तर तो दिवस वाया घालवू नये. ‘एकाच बाजूला’ हे शब्द लक्षात ठेवावेत. साधी सर्दी सहसा दोन्ही बाजूंना होते. ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यामागून मेंदूकडे सरकते, आणि तिला महिने लागत नाहीत, दिवस पुरतात.

घोटीकरांसाठी सोय तशी जवळ आहे. गावात सरकारी दवाखाना आहे, धामणगावला एसएमबीटीचे मोठे रुग्णालय आहे, नाशिकचे जिल्हा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर. पहिल्या दवाखान्यात एवढेच म्हणावे, “मला शुगर आहे, गाल एका बाजूने दुखतोय, कान-नाक-घसा डॉक्टरकडे पाठवा.” नाकात दुर्बीण घालून पाहतात, तुकडा तपासायला पाठवतात, एमआरआय काढतात. इलाजात दोन गोष्टी बरोबरीने चालतात, मेलेला भाग ऑपरेशनने काढणे आणि इंजेक्शन. हे इंजेक्शन किडनीवर ताण टाकते, म्हणून रक्ताच्या तपासण्या सारख्या कराव्या लागतात. त्यानंतर काही आठवडे पोसाकोनॅझोलसारख्या गोळ्या. आणि या सगळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर साखर ताब्यात. ती ताब्यात नसेल तर महागातले महाग इंजेक्शनही अर्धेच काम करते.

रमजानबद्दल वेगळे लिहायला हवे. ज्यांची साखर ताब्यात आहे ते डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून रोजे ठेवतात आणि त्यांना काही होत नाही. पण इन्सुलिनवर असलेला माणूस रोजा आहे म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करतो आणि इफ्तारला खजूर, सरबत, भजी एकदम घेतो, तेव्हा रक्त आंबट होण्याची ती अवस्था जवळ येते. बोटातून तपासणीचे रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. आजारी माणसाला कुरआननेच सूट दिली आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच घातक बुरशींची यादी काढली, तिच्यात म्युकरच्या कुळाला वरच्या गटात ठेवले आहे. यादी जिनिव्हात निघाली, तपासणी मात्र इथेच व्हायची आहे. राज्यात अनेक ठिकाणी मशिदींनी २०२१ मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर उभे केले, अनोळखी मय्यतींना कांधा दिला. त्याच कमिट्यांना एका जुम्याला नमाजनंतर, अंगणात टेबल टाकून साखर तपासणी ठेवणे जड नाही. ग्लुकोमीटर आहे, पट्ट्या आहेत, आशाताई आणि दवाखान्यातली सिस्टर बोलावली तर येतात. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवावी आणि ती दुपारची असावी, कारण संध्याकाळी त्या चुलीपाशी असतात. ज्याचा आकडा दोनशेच्या वर येईल त्याचा केसपेपर त्याच आठवड्यात काढून द्यायला एक मुलगा बरोबर पाठवावा. आमच्या शाळेतली दहावीची मुले या कामाला तयार आहेत, आम्ही त्यांना विचारून ठेवले आहे.